बारा हजारांचं तिकीट घ्यावं का? दोन कॉन्सर्ट आणि एक सवाई ऐकल्यावरचं माझं मत

मैदानाच्या डाव्या अंगाला लोखंडी पाइपांवर उभा केलेला प्लॅटफॉर्म, त्यावर हिरवं कार्पेट, पांढरे सोफे, आणि सोफ्यावर बसून स्टेजकडे बघितलं की बरोब्बर मधे स्पीकरचा काळा टॉवर. गायक उजवीकडे सरकला की दिसायचा, मधे आला की गायब. हे माझं १२,००० रुपयांचं तिकीट. ताईच्या पन्नाशीचं गिफ्ट म्हणून मी दोन काढली होती, म्हणजे २४,०००, त्यावर कन्व्हिनियन्स फी, त्यावर जीएसटी, आणि पुण्यात असूनही रात्री मैदानातून घरी यायला कॅबला जे दिले ते वेगळेच.

कुठला शो, कोण आयोजक ते लिहीत नाही, कारण मला कोणाला बदनाम करायचं नाहीये, आणि हे एकाच शोला होतं असंही नाही. पण मला आजकाल जी ती विचारते की अगं अमक्याचा शो येतोय, तिकीट दहा हजार आहे, घेऊ का, म्हणून जे स्वतः अनुभवलं ते एकदा नीट सांगते.

तर त्या रात्री सोफा छान होता, पाणी मिळालं, दोन कूपनं मिळाली खाण्याची, वेगळं स्वच्छ टॉयलेट होतं आणि याची किंमत बायकांना विचारा, चार तास मैदानात काढायचे म्हणजे ती सोय मोठीच आहे. पण गाणं? ताईचा सगळ्यात आवडता गायक, त्याच्या कॅसेटवर आमचं कॉलेज गेलंय, आणि आम्हाला ऐकू येत होता नुसता ढम ढम बेस, शब्द कळत नव्हते. ताई काही बोलली नाही, माझं मन राखायला हसत राहिली. एका गाण्याला मात्र हळूच म्हणाली, "अगं हे तेच आहे ना गं, मला नीट कळत नाहीये." ते मला फार लागलं. ज्या गाण्याच्या पहिल्या दोन सुरांवर ही बाई घरात काम सोडून उभी राहते ते तिला १२,००० भरून ओळखू येऊ नये?

मग इंटरव्हलसारखा गॅप झाला तेव्हा मी खाली उतरले आणि सहज चालत चालत मैदानाच्या मधे गेले, जिथे साऊंडवाल्यांचा तंबू असतो, टेबलावर मोठा मिक्सर, मागे चार-पाच पोरं. आमच्या पासवर खालच्या भागात जाता येत होतं म्हणून कोणी अडवलं नाही. गाणं सुरू झालं आणि मी अक्षरशः जागच्या जागी थांबले. प्रत्येक शब्द स्वच्छ, ढोलकी वेगळी, गिटार वेगळी, त्याचा श्वाससुद्धा कळत होता. ताईला फोन केला, ती उचलेना, मग पळत जाऊन तिला घेऊन आले आणि उरलेला सगळा शो आम्ही तिथं उभं राहून ऐकला. तो भाग होता ३,०००च्या तिकिटाचा.

हे असं का होतं ते नंतर आमच्या ओळखीत एकजण लग्नाचे, गणपतीचे आणि नाटकांचे साऊंड करतो त्याला विचारलं. तो म्हणाला ताई, यात गुपित काहीच नाही, साऊंडवाला ज्या जागी बसतो त्या जागी त्याच्या कानाला जे चांगलं लागतं तसंच तो मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचं कमी-जास्त, लावतो ना, मग सगळ्यात बरोबर आवाज तिथंच येणार. स्टेजच्या दोन्ही बाजूंना जे स्पीकर केळ्याच्या घडासारखे एकाखाली एक लटकवलेले असतात, त्याला ते लोक लाइन अ‍ॅरे म्हणतात, त्यांचं तोंड समोरच्या गर्दीकडे असतं. तुम्ही अगदी बाजूला असलात की एकच घड ऐकू येतो आणि तोही तिरका. अगदी पुढे, बॅरिकेडला चिकटून उभे राहिलात तर तो आवाज तुमच्या डोक्यावरून जातो आणि जमिनीवर ठेवलेल्या सबवूफरचा बेस छातीत बसतो. फार मागे गेलात तर आवाज उशिरा पोचतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर उभ्या माणसाला पाव सेकंदाहून थोडा जास्त उशीर, म्हणून स्क्रीनवर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि आवाज मागून येतो. मोठ्या शोमध्ये त्यासाठी मैदानाच्या मधे अजून टॉवर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, की पुढून येणारा आणि हा एकत्र कानावर पडावा. ते केलेलं असेल तर मागच्यालाही चांगलं ऐकू येतं, नसेल तर तुमचं नशीब.

मला हे कळलं तेव्हा वाटलं की एवढी साधी गोष्ट तिकीट काढताना कोणीच कशी सांगत नाही. तिकिटाचा दर लावतात तो स्टेजपासूनच्या अंतरावर आणि सोफा-जेवणावर. गाणं कुठे चांगलं ऐकू येतं याचा दराशी काही संबंधच नाही, आणि आपण तर गाणं ऐकायला जातोय.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२५, नवी मुंबई, डी वाय पाटील स्टेडियम, कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड. तिकिटांचं काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेल, २२ सप्टेंबर २०२४, रविवार दुपारी बारा वाजता विक्री सुरू आणि एक कोटीच्या वर लोक लाइनीत. १८ आणि १९ जानेवारीचे दोन शो होते, मागणी बघून २१ तारखेचा तिसरा लावला. दर २,५०० पासून होते, मैदानात उभं राहायचं ६,४५०, आणि लाउंजचं ३५,०००. नंतर रिसेलला तीच तिकिटं लाखाच्या घरात विकायला ठेवलेली लोकांनी, आणि घेणारेही होते. माझ्या भाचीला लाइनीत नंबर लागला आणि २१ तारखेची, ३,५००ची चार मिळाली, वरच्या बाजूची. ती, तिची मैत्रीण, ताई आणि मी.

खरं सांगू तर मी त्यांची पाच-सहा गाणी सोडली तर काही ऐकलं नव्हतं. भाचीच्या हट्टाला गेले. पुण्याहून सकाळची गाडी, नेरुळला उतरून चालत. आत जाताना प्रत्येकाच्या हातात एक पांढरा पट्टा बांधतात, साधं घड्याळासारखं, आत दिवे. मला वाटलं लहान मुलांसारखं काहीतरी. अंधार पडला आणि पहिल्या गाण्याला माझ्या मनगटावर तो पट्टा आपोआप लाल झाला, मी बघतेय तोवर शेजारचीचा लाल, मग अख्खी समोरची बाजू, आणि मग सगळं स्टेडियम. एका गाण्याला सगळं पिवळं झालं. हजारो हात, एकच रंग, आणि लोक गातायत. माझ्या पुढच्या रांगेत एक काका होते, साठीचे असतील, मुलाबरोबर आलेले, ते हात वर करून आपल्याच मनगटाकडे बघत होते आणि डोळे पुसत होते. ताईने माझा हात धरला तो गाणं संपेपर्यंत सोडला नाही. मैदानात ६,४५० देऊन उभी असलेली भाचीची दुसरी मैत्रीण नंतर म्हणाली की मावशी आम्हाला तो गाणारा माणूस जवळून दिसला पण हे असं स्टेडियम नाही दिसलं, आजूबाजूचे हातच दिसत होते. म्हणजे त्या शोमधली बघायची जी सगळ्यात मोठी गोष्ट, ती वरून जास्त चांगली दिसत होती. जाताना ते पट्टे परत द्यायचे असतात, आम्ही चौघींनी दिले, भाचीला ठेवायचा होता पण ताईने ऐकलं नाही आणि बरोबर केलं, पुढच्या गावच्या लोकांच्या हातात तो पेटायला हवा ना.

कोल्डप्लेने अजून एक गोष्ट केली होती जी मला मनापासून आवडते आणि आपल्याकडच्या आयोजकांनी घ्यावी असं वाटतं. शोच्या आधी त्यांनी थोडी तिकिटं साधारण २,००० रुपयांना काढली, दोघांची जोडीने घ्यायची, आणि जागा कुठली ते आधी कळत नाही, अगदी वरची असू शकते नाहीतर स्टेजजवळची. म्हणजे कॉलेजातलं पोरगंही पुढे जाऊन उभं राहू शकतं. आणि ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांच्यासाठी २६ जानेवारीचा अहमदाबादचा शो हॉटस्टारवर लाइव्ह दाखवला, आमच्या शेजारच्यांनी टीव्हीवर बघितला, बिल्डिंगमधली सगळी पोरं गोळा झाली होती.

मग ३,५०० वसूल झाले का? झाले, आणि मी परत देईन. पण नवी मुंबईतला मुक्काम, जाणं-येणं, खाणं धरून माणशी आठ हजारांच्या पुढे गेला तो दिवस, हे हिशोबात धरा. लोक तिकिटाचा आकडा बघतात आणि बाकीचं विसरतात. ५०० रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो, कुठे तो दरातच धरलेला असतो कुठे शेवटच्या पानावर वाढतो, तेव्हा पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान बघूनच ठरवा.

आणि आता सवाई, कारण त्याच्याशिवाय माझं मत पूर्ण होत नाही. पुण्यात राहून मी २०-२२ वर्षं सवाई गंधर्वला जातेय, आधी रमणबागेत, आता मुकुंदनगरला. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मृतीत सुरू केलेला शास्त्रीय संगीताचा उत्सव, आणि आजही भारतीय बैठकीचं पाच दिवसांचं तिकीट एका कॉन्सर्टच्या पार्किंग आणि पॉपकॉर्नच्या पैशात येतं. खाली बसायचं, चटई-शाल-थर्मास घरून न्यायचा, शेजारी कोण बसेल ते माहीत नाही पण तो जाणकार असणार हे नक्की. एकदा माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर विणकाम, डोळे मिटलेले, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर त्यांची सुई थांबायची. मी त्या दिवशी गाणं जेवढं शिकले तेवढं क्लासमध्ये नाही शिकले. तिथे पैशाने पुढची जागा मिळते पण पुढे बसलेल्याला जास्त गाणं मिळतं असं मला कधी वाटलं नाही, तानपुरा लागला की मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत तोच सूर असतो.

म्हणून जेव्हा कोणी विचारतं की महाग तिकीट घेऊ का, मी आधी विचारते की तुला काय हवंय. त्या माणसाला जवळून बघायचंय, आयुष्यात एकदाच, लहानपणापासूनचं वेड आहे? मग घे, बॅरिकेडजवळचं घे, पैसे गेले तरी चालतील, ते दिसणं कशात मोजता येत नाही, फक्त दुपारपासून उभं राहायची तयारी ठेव. गाणं ऐकायचंय? मग तिकिटाच्या पानावरचा जागांचा नकाशा, म्हणजे लेआउट, उघड, मैदानाच्या मधे एक चौकोन दाखवलेला असतो तो साऊंडचा, त्याच्या जवळचा जो विभाग असेल तो घे, बहुतेक वेळा तो मधल्या दराचा असतो. लाउंज, डेक, प्लॅटिनम असं काही लिहिलं असेल आणि ते स्टेजच्या बाजूला असेल तर मी घेणार नाही, कितीही सोफे देऊ देत. आणि ब्लॅकमध्ये तर अजिबात नको, दारात स्कॅन झालं नाही तर पैसेही गेले आणि शोही गेला, रडणारी मुलं मी गेटवर बघितली आहेत.

एका महागड्या तिकिटाचं मात्र मला कधीच वाईट वाटलं नाही. मागच्या सवाईला आई यायचं म्हणाली. तिचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून चार-पाच वर्षं ती घरीच रेकॉर्डिंग ऐकायची आणि म्हणायची तुम्ही जा गं. तिच्यासाठी खुर्चीचं काढलं, बैठकीच्या कितीतरी पट, एक क्षण विचार केला नाही. मी माझ्या नेहमीच्या बैठकीत. मध्यंतरात थर्मास घेऊन तिच्याकडे गेले तर शाल नीट पांघरून बसली होती, चहाचा कप हातात घेतला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "अगं किती वर्षांनी समोर बसून ऐकला राग मारवा." कप तसाच धरून ठेवला होता, प्यायचं विसरून. यंदाचंही तिचं खुर्चीचंच काढायचंय, विक्री सुरू झाली की पहिल्या दिवशी.