जुनी बुलेट ३५० घरीच दुरुस्त केली: दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

गाडी लोखंडी इंजिनाची स्टँडर्ड, उजव्या पायाचे चार गिअर, माडाखाली कित्येक वर्षं पडलेली. दुरुस्तीनंतर पणजी-म्हापसा रोजची ये-जा, अधूनमधून रायबंदर-चोडण फेरी आणि दोनदा चोर्ला घाट. इंजिनाने कधी दगा दिला नाही. जो त्रास झाला तो पाणी, खारी हवा आणि पेट्रोल यांचा. म्हणून पहिल्यांदा पाना हातात घेणाऱ्याने क्रोम आणि रंगाचे पैसे आधी टाकी, वायरिंग आणि ऑइलच्या वाटेवर घालावेत.

पडून असलेल्या गाडीला किक मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि थिनर समसमान मिसळून ४० मिली ओता, चार दिवस तसंच ठेवा. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढेमागे करा. अडलं तर पुन्हा ओता आणि थांबा. जोर लावला की गंजात धरलेली पिस्टनची रिंग तुटते. पान्यांचंही बघून घ्या: जुन्या बुलेटवर मिलिमीटरचे आणि इंची नट सरमिसळ असतात. मिलिमीटरचा पाना 'जवळपास बसतो' म्हणून लावला की नटाचे कोपरे गेलेच.

ऑइलच्या वाटेवर मात्र घाई नको. टायमिंग कव्हरमधून (इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण) क्रँकच्या टोकात ऑइल नेणारा पोकळ क्विल बोल्ट असतो, त्याच्याशी एक छोटं कॉर्कचं सील. दिसायला क्षुल्लक. पण वर्षानुवर्षं पडून हे सील सुकतं, आक्रसतं, मग ऑइल क्रँकमध्ये जायच्या ऐवजी टायमिंग केसमध्येच गळतं आणि बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग, कोरडं चालतं. वर रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला) ऑइल दिसतंय म्हणून खाली पोचलंच, असं धरू नका. नवं सील रात्रभर ऑइलमध्ये भिजवून बसवा. फिल्टरची स्प्रिंग आणि वॉशर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा, क्रम चुकला तर फिल्टर असून नसल्यासारखा.

दुसरी गोष्ट जुलैमध्ये कळते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या घरात, उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस वरून ऑइल ओततो आणि सुरू केल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून, सगळं बाहेर! आधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट उघडून साचलेलं ऑइल काढा, तेवढंच वर भरा, पाच मिनिटं इंजिन चालवा, मग डिपस्टिक बघा. २०डब्ल्यू५० जाडीचं ऑइल चांगलं चाललं.

टायमिंगला, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवायला, महागडं यंत्र लागत नाही. पॉइंटचा (डिस्ट्रिब्यूटरमधले उघडझाप करणारे संपर्क) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) ०.८ मिमी अलीकडे आणा. चावी चालू करून दिवे बंद ठेवा आणि अँमीटरकडे बघत डिस्ट्रिब्यूटर अगदी हळू फिरवा. पॉइंट जोडलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकलेला असतो. उघडतात त्या क्षणी तो टुणकन शून्यावर येतो. तिथेच कसा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर जुळवा: पुशरॉड दोन बोटांत सहज फिरावा, वरखाली हलू नये. घट्ट ठेवलेला टॅपेट घाटात समजतो, गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि परत सुरू होता होत नाही.

टाकीचा गंज सायट्रिक आम्लाने उत्तम निघाला: लिटरमागे १०० ग्रॅम, कोमट पाणी, २४ तास. नंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, हेअर ड्रायरने कोरडी आणि लगेच थोडं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळलेलं पेट्रोल. इथल्या दमट हवेत ओलसर पत्रा संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबडा होतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, शिवाय जुन्या पेट्रोल कॉकचं रबर फुगवतं. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. गाडी उभीच राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा.

वायरिंगच्या कामाचं समाधान सगळ्यात जास्त. प्रत्येक जोड सोल्डर करून हीटश्रिंक, बुलेट कनेक्टरमध्ये व्हॅसलीन आणि इंजिन ते फ्रेम वेगळी अर्थ वायर. ही कामं झालेला हेडलाइट पावसाळाभर एकदाही मिणमिणला नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपचं गॅस्केट मात्र सोडून दिलं होतं. जून संपताना पॉइंटवर पांढरी भुकटी आणि मिसफायर.

मडगार्डच्या आत तांबडी माती थापली जाते, ती ओली राहून पत्रा खाते. दर रविवारी खालून पाण्याचा पाइप मारा. फेरीत पुढे गाडी लावली तर खारं पाणी स्पोकवर उडतं, त्या दिवशीच गोड्या पाण्याने धुवा. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर घालू नका, आत घाम सुटतो. जुनी सुती चादर बरी.

गिअरबॉक्समध्ये नुसतं ऑइल भरलं तर किकच्या शाफ्टमधून गळतं, पातळ ग्रीस घाला. प्रायमरी कव्हर (क्लचकडच्या चेनवरचं झाकण) एकाच नटावर असतं. गळती थांबावी म्हणून तो आवळत गेलं की कव्हर वाकतं आणि गळती वाढते. इथे ती अजून आहे, सील बदलूनही दिवसाला दोन थेंब.