'शाळेला थेट मेल करू नका' असं तो म्हणाला आणि आम्ही ऐकलं

आम्ही सांगलीचे. नवऱ्याचा बेदाण्याचा व्यापार, हिशेब मी बघते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये लेक सातवीत होती, वय १२. तिला इंग्लंडमधल्या निवासी शाळेत घालायचं आमच्या मनात होतं. तिथे नववीला, म्हणजे त्यांच्या 'इयर नाइन'ला, १३ वर्षांची मुलं घेतात, त्यामुळे वर्षभर आधी हालचाल करावी लागते. 'पाचगणी काय वाईट होतं?' हे नातेवाइकांनी तेव्हाही विचारलं आणि नंतर जास्तच विचारलं. त्याचं उत्तर इथे देत बसत नाही.

पुण्यातल्या एका सल्लागाराचं नाव ओळखीतून कळलं. ऑफिस चांगलं होतं, भिंतीवर शाळांचे फोटो होते. बोलणं अगदी मऊ, प्रत्येक वाक्यात 'ताई'. त्याने तीन शाळा सुचवल्या आणि त्यातल्या एकीचा आपण अधिकृत प्रतिनिधी असल्याचं सांगितलं. शाळा खरी आहे, जुनी आहे, नाव काढलं की माहिती मिळते. त्यामुळे आम्ही तपासलं ते फक्त शाळेला. हा माणूस त्या शाळेचा कोण लागतो, हे तपासलंच नाही.

पहिल्याच भेटीत त्याने एक गोष्ट बजावली. "ताई, शाळेला थेट मेल करू नका. पालकांनी मधेच विचारपूस केली की त्यांना ते आगाऊपणाचं वाटतं, फाइल मागे पडते." आम्हाला ते पटलं. परदेशातली शाळा, तिथल्या रीती वेगळ्या असतील असं वाटलं. आज सांगते, सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. तिथल्या शाळांच्या प्रवेश विभागाचं कामच पालकांशी बोलणं असतं.

आधी सल्ल्याचे ८५,००० रुपये घेतले. मग 'नोंदणी आणि प्रवेश परीक्षा' म्हणून ४०,०००. परीक्षा त्याच्याच ऑफिसात, त्याच्याच लॅपटॉपवर झाली. समोर कोणी पर्यवेक्षक नव्हता आणि गुणपत्रक कधी मिळालं नाही. मुलाखतीसाठी लेकीने मन लावून तयारी केली होती. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हा ती सात वर्षांची होती, आम्हाला बोटीतून बाहेर काढलं होतं. त्यावर तिने इंग्रजीत दोन पानं लिहिली आणि आरशासमोर उभी राहून पाठ केली. एक दिवस त्याचा फोन आला की मुलाखत माफ झाली, माझ्या शिफारशीवर थेट ऑफर येतेय. आम्ही पेढे वाटले. परदेशातून येणाऱ्या मुलीला न बघता, तिच्याशी एकदाही न बोलता कोणती शाळा वसतिगृहात घेईल, हा प्रश्न त्या दिवशी घरात एकालाही पडला नाही. लेक मात्र हिरमुसली होती. तिला बोलायचं होतं.

नोव्हेंबरमध्ये ऑफर लेटर आलं. शाळेचं बोधचिन्ह, सही, सगळं होतं. त्यासोबत घाई आली. ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागणार होता, हे खरं होतं, पेपरातही आलं होतं. "३१ डिसेंबरच्या आत अनामत भरली तर हा कर वाचतो," असं तो म्हणाला. हे खोटं होतं. २९ जुलै २०२४ नंतर कोणी आगाऊ पैसे भरले तरी जानेवारीपासूनच्या टर्मच्या फीवर कर लागणारच, हे तिथल्या सरकारने आधीच जाहीर केलं होतं. खऱ्या बातमीला त्याने खोटी शेपटी जोडली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ७ लाख ४० हजार रुपये त्याच्या फर्मच्या खात्यात भरले. परदेशी मुलांकडून अनेक शाळा एका टर्मच्या फीएवढी अनामत घेतात, आणि हा तर 'पहिला हप्ता' होता. त्यामुळे आकड्याचीही शंका आली नाही.

फेब्रुवारीत दुसरा हप्ता भरायला मी बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी सहज विचारलं, कशासाठी एवढी रक्कम? मी अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग शाळेच्या खात्यात पाउंडात का नाही पाठवत? परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना आहे, एलआरएस, तिच्याखाली ए-टू फॉर्म भरायचा, शाळेचं इनव्हॉइस जोडायचं, पैसे थेट तिकडे. पुण्याच्या खात्यात रुपये कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांचे उपकार फेडता येणार नाहीत.

त्या रात्री शाळेच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन मी मेल केला, ऑफर लेटर जोडून. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. या नावाचा अर्ज आमच्याकडे नाही. पत्रावर सही असलेली व्यक्ती आमच्याकडे नाही. हा माणूस आमचा प्रतिनिधी नाही. चार ओळींचं, सभ्य उत्तर. पाच महिने जे विचारायला घाबरत होतो, ते एका दिवसात कळलं.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने झोप येत नव्हती. तिथल्या बहुतेक निवासी शाळा परदेशी मुलांना स्थानिक पालक म्हणजे गार्डियन लागतोच म्हणतात. टर्मच्या मधल्या सुट्टीत मूल त्यांच्याकडे राहतं, आजारी पडलं तर तेच धावतात. अशा सेवांची तपासणी करून मान्यता देणारी 'एजिस' नावाची संस्था तिथे आहे. आम्हाला त्याने 'आमचे लंडनचे सर' एवढंच सांगितलं होतं. त्या अनोळखी सरांच्या नावे आम्ही दोघांनी संमतिपत्रावर सही केली होती. लेकीचा पासपोर्ट, जन्मदाखला, फोटो यांच्या प्रती दिल्या होत्या. त्या प्रती आजही त्याच्याकडे आहेत. मुलीला आपण कोणाच्या हवाली करायला निघालो होतो, हे मनात आलं की अजून हात थरथरतात.

आता काय काय बघायला हवं होतं, ते सांगते. सोळाच्या आतल्या मुलाला तिथे शिकायला 'चाइल्ड स्टुडंट' व्हिसा लागतो. त्यासाठीचं सीएएस, म्हणजे प्रवेश दिल्याचं शाळेचं अधिकृत प्रमाणपत्र, फक्त परवानाधारक शाळाच देते, आणि अशा शाळांची यादी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. नोंदणी फी शाळा स्वतः घेते आणि स्वतःची पावती देते. सल्लागार सगळेच लबाड नसतात. काहींना शाळाच कमिशन देते, काही फक्त पालकांकडून फी घेतात. तुमच्या माणसाला यातलं काय लागू आहे, ते त्याच्याकडून लेखी घ्या. आणि ज्या शाळेचं नाव घेतोय तिला विचारा की हा तुमचा आहे का.

आम्ही १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो. पोलिसांत फसवणुकीची आणि बनावट कागदपत्रांची तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगातही गेलो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालावे लागले नाहीत. आमच्या ८ लाख ६५ हजारांच्या तक्रारीला फी २०० रुपये पडली. मुदत दोन वर्षांची असते, लाजेपोटी ती घालवू नका. आम्हीही महिनाभर कोणाला बोललो नव्हतो.

लेक इथेच शिकतेय. ती महापुराची दोन पानं तिने फाडली नाहीत, कपाटात आहेत.

डिसेंबरात त्याच्या ऑफिसात इचलकरंजीचं एक जोडपं भेटलं होतं. त्यांचा मुलगा आमच्या लेकीच्याच वयाचा, तीच शाळा, तेच 'लंडनचे सर'. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं आणि नंबर घ्यायचा राहून गेला. मी तेव्हापासून त्यांना शोधतेय. हे त्यांच्यापर्यंत पोचवता आलं तर पोचवा.