पिंक फ्लॉइडचा सर्वोत्तम अल्बम कुठला? खान्देशच्या उन्हाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. ‘अ‍ॅनिमल्स’ पहिला, ‘विश यू वेअर हिअर’ दुसरा, ‘द डार्क साइड ऑफ द मून’ तिसरा आणि ‘द वॉल’ चौथा. जळगाव-भुसावळकडे पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड ऐकणारी मंडळी मोजकीच, पण त्यातल्या कुणापुढेही हा क्रम ठेवा, ‘डार्क साइडना पुढे काहीच नही भो’ हे ऐकावं लागणारच. चारही अल्बम दिवाळीपासून मिरगाच्या पावसापर्यंत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधली गाणी न गाळता ऐकून हा क्रम लागला आहे. आणि तो थंडीत वेगळा होता. डिसेंबरात रात्री खोली शांत असते तेव्हा ‘डार्क साइड’ पहिलाच. मार्चअखेर कुलर लागला आणि तो घसरत गेला. कुठला अल्बम श्रेष्ठ हे भांडण खरं तर पुष्कळदा कुठे बसून ऐकता याचं असतं.

‘डार्क साइड’ १९७३ च्या मार्चमधला, सुमारे ४३ मिनिटांचा, लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत अ‍ॅलन पार्सन्स या ध्वनी-अभियंत्याच्या हाताखाली रेकॉर्ड झालेला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ दरम्यान तो ७४१ आठवडे होता, हा आकडा वादात हटकून तोंडावर मारला जातो. त्यातून लोक किती घेतात ते कळतं, किती वेळा परत ऐकतात ते नाही. अल्बमची खरी अडचण पहिल्याच मिनिटाला येते. सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी, तीही अगदी शून्यातून वर येणारी. कुलरच्या वाऱ्यात हे ठोके ऐकूच येत नाहीत, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि ‘टाइम’ची घड्याळं एकदम वाजली की दचकून कान झाकतो. (ही घड्याळं पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपलेली.) उपाय सोपा आहे. आवाज ठोक्यांवर लावायचाच नाही. ‘ब्रीद’मध्ये गाणं सुरू होतं तिथे आवाज बेतायचा, मग ठोके ऐकू आले नाहीत तरी चालतील. घड्याळं त्या मापात नीट बसतात.

‘मनी’ सात मात्रांचं आहे हे इथल्या तबला शिकलेल्या पोरांना सांगावं लागत नाही. रूपकचा ठेका, तीं तीं ना, धी ना, धी ना, मनात धरून ऐका. सॅक्सोफोनपर्यंत मोजणी बरोबर जाते, गिटारचा सोलो सुरू झाला की ठेका मोडतो, कारण तेवढा भाग चार मात्रांत आहे. पुढे शब्द आले की परत सात. वजन वेगळं पडतं, मोजणी तीच. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याची घंटा यांची सुरुवातीची टेपही सात आवाजांची, मोजून कापून जोडलेली. इतकं बारीक काम असलेला अल्बम एसटीत वाया जातो. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या सुरांवरच बसते, बास गिळते आणि ‘मनी’चा अर्धा जीव त्या बासमध्येच आहे. कानात घट्ट बसणारे रबरी बोंडांचे इअरफोन असतील तर थोडंफार वाचतं.

सेटिंगचं इथेच सांगतो, कारण निम्म्या लोकांना हे अल्बम नीट ऐकायलाच मिळालेले नाहीत. अ‍ॅपमधलं शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) बंद, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडू देणं) चालू. प्रत्येक गाण्याचा आवाज वेगवेगळा समान करणारी सोय असेल तर तीही बंद, नाहीतर मुद्दाम हलकं ठेवलेलं गाणं उगाच मोठं होतं. गाडीत पेनड्राइव्ह लावणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: ‘ब्रेन डॅमेज’ आणि ‘एक्लिप्स’ यांच्यामध्ये क्षणभर आवाज तुटतो. दोष पेनड्राइव्हचा नाही. एमपीथ्री बनवताना फाइलच्या पुढेमागे थोडी शांतता चिकटते आणि गाडीतले बरेच स्टिरिओ ती गाळत नाहीत. सीडीवरून अख्खा अल्बम एकाच फाइलमध्ये काढायचा. ३२० केबीपीएसला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे ‘डार्क साइड’ साधारण १०३ एमबीत बसतो. हवं ते गाणं लावता येत नाही एवढाच तोटा, आणि या बँडच्या बाबतीत तो तोटाही नाहीच. शेवटची तपासणी ‘ऑन द रन’वर करा. धावणारी पावलं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला हवीत. मध्येच नाहीशी झाली तर एक स्पीकर गेलेला आहे, किंवा बॅलन्स कुणीतरी फिरवून ठेवलाय.

रावेर-यावलकडे थ्री-फेज लाइट पुष्कळदा रात्री असतो. केळीला पाणी भरताना पंपाच्या आवाजाकडे लक्ष द्यायला एक कान मोकळा ठेवावाच लागतो. पण एकच इअरबड घातला की बऱ्याच फोनवर एकाच बाजूचं संगीत ऐकू येतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, दोन्ही बाजू एका कानात येतात. हे न करता ‘यातलं गिटार कुठे गेलं’ म्हणून अल्बमला नावं ठेवू नयेत.

‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) साठी रात्र लागते. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ दोन तुकड्यांत अल्बमच्या दोन टोकांना, मध्ये तीन गाणी. पहिले शब्द यायलाच आठ मिनिटांहून जास्त लागतात, नवख्याला इथेच कंटाळा येतो. त्याला गिटारवादक डेव्हिड गिलमूरच्या चार सुरांपर्यंत थांबायला सांगा, एवढं पुरे. शीर्षकगीताच्या आरंभी गिटार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं बारीक वाटतं आणि लोक इअरफोनची वायर हलवून बघतात. वायर चांगली आहे. ते गिटार मुद्दाम रेडिओवर वाजल्यासारखं केलंय, दुसरं गिटार भरदार आवाजात त्यावर येतं तेव्हा कारण कळतं. ‘हॅव अ सिगार’ बासवादक रॉजर वॉटर्सचं किंवा गिलमूरचं म्हणून पैज लावणारे भेटतात. ते बँडबाहेरच्या रॉय हार्परने गायलंय. शीर्षकगीताच्या शेवटी वाऱ्याच्या आवाजाखाली स्टेफान ग्रापेल्लीचं व्हायोलिन आहे म्हणतात, पण मूळ अल्बमवर ते जवळपास ऐकू येत नाही. ऐकायचंच असेल तर २०११ मध्ये निघालेल्या आवृत्तीत ते पूर्ण आहे. हा अल्बम दुसरा का? ‘वेलकम टू द मशीन’ काही महिन्यांनंतर जड व्हायला लागतं. पहिल्या दहा वेळा दबदबा वाटतो, मग यंत्राचा ठोका ठोकाच राहतो.

‘द वॉल’ (१९७९) दोन डिस्कचा, ८१ मिनिटांचा. जळगावहून धुळं येण्याआधी संपतो. कथा पक्की, ‘कम्फर्टेबली नंब’चा दुसरा सोलो गिलमूरच्या उत्तम सोलोंपैकी, पण छोटे जोडतुकडे इतके की अख्खा अल्बम वारंवार लावायला हात धजत नाही. शेवटच्या गाण्याअखेरचं अर्धवट वाक्य पहिल्या गाण्याच्या आरंभी पूर्ण होतं. रिपीट चालू ठेवून ते एकदा ऐकाच.

‘मेडल’ (१९७१) या चारांत धरलेला नाही, कारण त्याची पहिली बाजू विस्कळीत आहे. दुसरी बाजू म्हणजे ‘एकोज’, साडेतेवीस मिनिटं. भुसावळच्या गाडीत जळगावहून बसलात की साधारण तेवढाच वेळ हाताशी असतो. मधल्या भागातल्या किंकाळ्या गिटारच्याच आहेत, वाह पेडलच्या (गिटारचा आवाज पायाने वळवायची पेटी) वायरी उलट्या जोडल्यामुळे तसा आवाज निघतो. आत बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट) असलेल्या आजच्या पेडलवर हे होत नाही. पोरं उगाच पेडल उघडून बसतात.

आता ‘अ‍ॅनिमल्स’. जानेवारी १९७७, म्हणजे आपल्याकडे आणीबाणीतच लोकसभा निवडणूक जाहीर झाली तोच महिना. माणसांची कुत्री, डुकरं आणि मेंढरं अशी वाटणी करणारा अल्बम त्याच महिन्यात यावा, यात योगायोगापलीकडे काही नाही, पण आठवल्याशिवाय राहत नाही. कल्पना ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’वरून. ‘डॉग्ज’ आणि ‘शीप’ ही गाणी वेगळ्या नावांनी १९७४ मध्येच मंचावर वाजत होती, म्हणून त्यांची वीण इतकी घट्ट आहे. ‘डॉग्ज’ १७ मिनिटांचं. निम्म्यापर्यंत गिलमूर, शेवटाकडे वॉटर्स. मधली तीन-साडेतीन मिनिटं, जिथे एकच शब्द घुमत राहतो आणि भुंकणं सिंथसायझरमधून येतं, ती बहुतेकांना लांबलेली वाटतात. तक्रार खोटी नाही. पण ती ओलांडली की पुढचं गिटार दुप्पट चढतं, म्हणून गाणं पुढे ढकलू नका. ‘पिग्ज’ आणि ‘शीप’वरचा बास वॉटर्सचा नसून गिलमूरने वाजवलाय, हे पैजेसाठी लक्षात ठेवा. ‘पिग्ज’मधली डुकराची गुरगुरही त्याचीच, तोंडात नळी धरून टॉकबॉक्सवर काढलेली.

कुलरपुढे हा अल्बम टिकतो, कारण त्याचं अंग मधल्या सुरांत आहे: खरखरीत गिटार, ओरडून म्हटलेले शब्द, ‘पिग्ज’मधली काउबेल. अतिहलका भाग फार थोडा. एसटीतही निम्म्याहून अधिक शाबूत राहतो. कव्हरवर लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र, चिमण्यांमध्ये उडतं डुक्कर. ते डुक्कर डिसेंबर १९७६ मध्ये दोर तोडून खरंच उडून गेलं होतं. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या बघत लहानाचे मोठे झालेल्यांना हे कव्हर समजावून सांगावं लागत नाही.

एलपी घेणाऱ्यांसाठी: रेकॉर्डचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं, त्यामुळे पार्सल दुपारी डिकीत ठेवू नका. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही आणि कुलरच्या झोतातही नाही. ओलाव्याने पुठ्ठा फुगतो आणि पावसाळ्यात बुरशी धरतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत स्थिर वीज साचून धूळ चिकटते, कार्बन ब्रश दर बाजूला फिरवावा लागतो.

‘अ‍ॅनिमल्स’ची कुठली आवृत्ती घ्यावी? ध्वनी-अभियंता जेम्स गथ्रीने २०१८ मध्ये केलेलं नवं मिक्स २०२२ मध्ये बाजारात आलं. त्यात ढोल आणि बास सुटे ऐकू येतात, १९७७ चं मिक्स गच्च आणि धुरकट आहे. गाडीत आणि कुलरच्या खोलीत नवं घ्या, ‘डॉग्ज’ त्यात खुलतं. थंडीत, रात्री, ‘शीप’च्या सुरुवातीच्या कीबोर्डवादक रिक राइटच्या इलेक्ट्रिक पियानोसाठी जुनंच बरं.