पॅच आधी कुठे: मेनवर की जुन्या ब्रांचवर?

नागपूरच्या आयटी पार्कजवळ तर्री-पोहे खाताना आमचा वाद हमखास इथंच येतो. बग जुन्या रिलीजमध्येही आहे, मग पॅच (कोडमधली दुरुस्ती) आधी कुठे द्यायचा: मेनवर, म्हणजे चालू कामाच्या मुख्य शाखेवर, की जुन्या रिलीजच्या शाखेवर (ब्रांचवर)?

लिनक्स कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) रीत अशी, की आधी मुख्य शाखेत, मगच स्टेबलमध्ये, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या आवृत्तीच्या शाखेत. स्टेबलसाठीचा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नको. यात दुरुस्ती पुढच्या आवृत्तीतून निसटत नाही. त्रास बॅकपोर्टचा, म्हणजे तीच दुरुस्ती जुन्या कोडमध्ये नेण्याचा. मधल्या काळात फंक्शनचं नाव बदललेलं असतं, चेरी-पिक (एकच बदल उचलून दुसऱ्या शाखेवर लावणं) अडकतं, आणि मे महिन्यात कूलरसमोर बसूनही कॉन्फ्लिक्ट (एकमेकांत न बसणाऱ्या ओळी) सोडवताना घाम फुटतो. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) चेरी-पिकला ‘-x’ जोडा, म्हणजे मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, नव्या कमिटच्या संदेशात राहतो. सहा महिन्यांनी तोच कामी येतो.

गिट प्रकल्प स्वतः उलटा चालतो (लिनक्स आणि गिट दोन्हींची सुरुवात लिनस टोरवाल्ड्स यांचीच, बरं का). बगची दुरुस्ती जुन्या देखभाल-शाखेवर बेतायची, मग वरच्या, म्हणजे नव्या शाखांत मर्ज (विलीन) करायची. तोच कमिट सगळीकडे. देखणं आहे, पण जुन्या कोडवर टेस्ट चालवायचा पेशन्स हवा.

प्रकल्पाचा नियम वेगळा नसेल, तर नवख्याला मी मेनच सांगतो.