झऱ्याचं पाणी की नळाचं?
कोकणात रस्त्याकडेच्या जांभ्याच्या कपारीतून पाझरणारं पाणी चवीला हलकं, कारण त्यात क्षार कमी. डाळ शिजवायला, चहाला मला तेच हवं.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो खरा, पण तेच क्लोरीन घरापर्यंतच्या वाटेत जंतूंना आवरतं; भारतीय मानकानुसार ते लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. झऱ्याला असा राखणदार नाही. वरच्या अंगाला गोठा किंवा शौचखड्डा असेल, तर पावसात घाण सच्छिद्र जांभ्यातून झटकन खाली उतरते. पाणी नितळ दिसतं, तिथेच फसायला होतं. लहान मुलांसाठी मी नळच निवडते. झऱ्याचं आणलंच, तर खळखळून उकळते.

मे महिन्यात धार करंगळीएवढी होते. तेव्हा आधी गावच्या बायकांच्या कळशा, मग आपले कॅन.