होडीत रात्री: डोक्यावरची बॅटरी की काठीवरचा दिवा?

रात्री कुर्ल्यांना, म्हणजे खेकडे पकडायला जायचं किंवा चांदण्यात नुसती होडी घालायची, तर पैसे हेडलॅम्पवर घालावेत की काठीवरच्या पांढऱ्या दिव्यावर, असं गोव्यातल्या आमच्या नार्व्याकडचे एक-दोघे अलीकडे विचारत होते. मी दोन्ही वापरलं आहे. आधी दोन वर्षं फक्त हेडलॅम्प होता, आता मागच्या टोकाला काठीवर दिवा असतो. उजेड किती लुमेनचा, पाणी शिरतं का, हे खोक्यावर वाचता येतं, म्हणून ते सोडून बाकीचं सांगतो.

हेडलॅम्पचं कौतुक आधी करायला हवं. दोन्ही हात मोकळे राहतात. जाळ्यात अडकलेली कुर्ली सोडवताना याची किंमत कळते. शिवाय उजेड आपल्या डोळ्यांच्या अगदी शेजारून निघतो, त्यामुळे काठावरच्या जनावराचे डोळे लांबून चमकतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. त्या बाजूला होडी नेणाऱ्याला ही सोय सोडवणार नाही, आणि काठीवरच्या दिव्याने ती मिळत नाही.

तरीही माझा हेडलॅम्प मागे पडला तो एका त्रासामुळे. डोक्यावर दिवा बांधला की मान जिकडे वळते तिकडे झोत जातो. होडीत दोघं असतील तर एकमेकांकडे बघून बोलणं होतंच. मी पुढे बसायचो आणि मागे वल्हं मारायला मामा. "मामा, भरती लागली का?" एवढंच विचारायला वळलो की पांढरा झोत थेट त्यांच्या तोंडावर. ते डोळे मिटून घ्यायचे, "अरे, दिवा खाली कर" म्हणायचे, मी खाली करायचो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सवय लावून घ्यायचा खूप प्रयत्न केला, पण बोलणाऱ्याकडे बघण्याची सवय लहानपणापासूनची असते, ती मोडत नाही.

एका ऑक्टोबरच्या रात्री असंच झालं. मी वळलो, मामांचे डोळे दिपले आणि जाळ्यांसाठी रोवलेला खुंट त्यांना दिसलाच नाही. होडी घासून गेली, आम्ही दोघं एका बाजूला कललो. पाण्यात पडलो नाही, पण त्यानंतर बराच वेळ मामांना काठ नीट दिसत नव्हता. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि ते सगळं एका झोतात जातं. मागे वल्हं धरून बसलेल्या माणसाचे डोळे हाच आमच्या होडीचा खरा दिवा, आणि तो मी दर पाच मिनिटांनी विझवत होतो.

लाल उजेडाचा हेडलॅम्प घ्या, असं कुणी सुचवेल. होडीत खाली काही शोधायला लाल उत्तमच, डोळे कमी दिपतात. पण बाहेर दाखवायला तो नको. मोठ्या बोटीच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, तेव्हा लांबून लाल ठिपका बघणारा फेरीबोटीचा चालक तुमची दिशा भलतीच समजू शकतो. आणि आपण मान वळवली की त्याला आपला दिवा दिसेनासाच होतो. पुन्हा दिसतो तेव्हा तीच होडी की दुसरी, हे त्याला कसं कळावं? समुद्रातली टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वल्ह्याच्या होडीला पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवून वेळेत दाखवली तरी चालते. पण सात मीटरपेक्षा लहान, संथ यांत्रिक होडीलासुद्धा चहूकडून दिसणारा पांढरा दिवा लागतो. वल्ह्यावर असलो तरी मला तसाच दिवा बरा वाटतो.

काठीवरच्या दिव्याचे त्रास वेगळे. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल बांधबंदिस्त जमिनीतल्या, अरुंद पोयीत (पाण्याच्या वाटेत) फांद्यांना काठी अडकते. पावसाळ्याच्या सुरुवातीला किडे घोंगावतात, मात्र ते तोंडाभोवती न घोंगावता मागे काठीपाशी. आणि दिवा खाली लावला तर आपलेच डोळे दिपतात. म्हणून तो बसलेल्या माणसाच्या डोक्याहून वर हवा आणि त्याच्याखाली आडोसा हवा. मी खोबरेल तेलाच्या डब्याचं झाकण काळं रंगवून दिव्याखाली बसवलं आहे. होडीत अंधार राहतो, बाहेर मात्र सगळ्या बाजूंनी दिसतं.

तुम्ही एकटेच बंद पाण्यात, जिथे दुसरी होडी फिरकत नाही अशा पोयीत जाणार असाल, तर हेडलॅम्प कदाचित पुरेल. पण दिवाडीच्या फेरीच्या वाटेवर, मालवाहू बार्ज जातात त्या पात्रात, आणि होडीत दुसरं माणूस असेल तर मी काठीच्याच बाजूने बोलेन. हेडलॅम्प मी अजून नेतो, बंद करून खिशात. धक्क्याला लागल्यावर चिखलातल्या पायऱ्या चढायला तो लागतो, पण मामा होडीतून उतरून पुढे गेल्याशिवाय मी तो पेटवत नाही.