लिबरऑफिस रायटर: मराठी मजकुराच्या देवाणघेवाणीसाठी कितपत उपयोगी?

लिबरऑफिस हे कार्यालयीन कामांचे सॉफ्टवेअर मोफत मिळते म्हणून ते वापरावे, असे अनेक जण सांगतात. मला त्याचा मोठा गुण वेगळाच वाटतो: त्यात तयार केलेली फाइल उघडण्यासाठी समोरच्यानेही हेच सॉफ्टवेअर घेतले पाहिजे, असे बंधन राहत नाही. त्यातील रायटर हा लेखनाचा प्रोग्रॅम ज्या ओडीटी (.odt) स्वरूपात मजकूर साठवतो, ते ओपनडॉक्युमेंट या मानकाचा भाग आहे. त्याला २००६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली असून मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि गूगल डॉक्सही अशी फाइल उघडतात. फाइलच्या नावातील शेवटचे 'ओडीटी' बदलून 'झिप' केले, तर आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराची) फाइल सापडते आणि तिच्यात आपला मराठी मजकूर सरळ वाचता येतो. पुढे हे सॉफ्टवेअर बंद पडले तरी लेखन हातचे जाणार नाही, याची एवढी खात्री पुरेशी आहे.

अर्थात, ही खात्री युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, टंकलेल्या मजकुरापुरतीच आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर ओडीटीत साठवला, तरी आत रोमन अक्षरांची खिचडीच राहते, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच समोर येते. त्यामुळे आधी मजकूर युनिकोडमध्ये आणणे, मग स्वरूपाचा विचार करणे, हाच क्रम योग्य आहे.

देवनागरी जोडाक्षरे रायटर नीट दाखवतो. मात्र शैली ठरवताना रोमन आणि देवनागरी लिपींसाठी फॉन्ट व आकार स्वतंत्रपणे निवडावे लागतात. हे ध्यानात न आल्यास एकाच ओळीतील इंग्रजी शब्द विजोड दिसतात. तक्ते आणि चौकटींनी भरलेली फाइल वर्डच्या डॉक्स (.docx) स्वरूपात वारंवार इकडून तिकडे गेली, की मांडणी विस्कटते. (डॉक्स ज्या मानकावर आधारलेले आहे, त्यालाही २००८ साली आयएसओची मान्यता मिळाली, हे न्यायाने सांगायला हवे.) म्हणून मूळ प्रत ओडीटीतच ठेवावी आणि डॉक्स फक्त मागणी असेल तेव्हाच पाठवावी.

मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे संकरित पीडीएफ: वाचणाऱ्याला ती नेहमीची पीडीएफ दिसते, पण तिच्यातच मूळ फाइल दडलेली असल्यामुळे लिबरऑफिस असणाऱ्याला ती उघडून दुरुस्त्याही करता येतात. दुर्दैवाने हा पर्याय आपोआप निवडलेला नसतो. पीडीएफ तयार करतानाच्या चौकटीत तो शोधून त्यावर खूण करावी लागते.